उसन्या लकबी

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे अख्ख्या डोंबिवलीतले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांना माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही, पण तो कुठल्या पायातली चप्पल आधी काढतो हे दहा वर्षांनीही सांगता येतं. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली, यथावकाश निवृत्तीही झाली, पण त्यांचा खरा उद्योग कथा लिहिण्याचा. त्या दिवाळी अंकांत छापून येतात आणि आमची बिल्डिंग त्या जरा धास्तीनेच वाचते. "नाव काय, जन्मदाखल्यावरही असतं," काका म्हणतात. "माणूस उभा राहतो तो लकबीवर. एक लकब द्या, तो आपोआप चालायला लागतो." हे बोलताना ते खिडकीतून मानपाड्याच्या बाजूला बघत असतात. तिकडच्या धुरकट, केशरी संध्याकाळीतून खरंच कोणीतरी चालत येतंय असं मग मलाही वाटायला लागतं आणि हातातला चहा निवून जातो.

लकब हाती लागली की काका ती आधी स्वतः अंगावर घालून बघतात, नवा शर्ट कुठे काचत नाही ना हे बघावं तशी. एकदा त्यांच्या कथेतल्या गुप्तहेराला कपबशी उलटी करून तळ बघायची सवय लावायचं चाललं होतं. नेमका त्याच आठवड्यात माजिवड्याला त्यांच्या भाचीचा साखरपुडा निघाला. काकांनी मुलाकडच्यांच्या टेबलावर मांडलेली एकेक बशी उचलून शांतपणे तिचा तळ पाहिला. शेवटी मुलाची आई म्हणाली, "घरच्याच आहेत हो, भाड्याच्या नाहीत." काकूंनी "ह्यांना चिनी मातीची फार आवड" अशी थाप मारून सोयरीक वाचवली. परतताना रिक्षात काका समाधानाने म्हणाले, "जमतंय. फक्त तळ बघून झाल्यावर त्याने किंचित हसायला हवं." काकूंना मात्र हसू आलं नाही.

बहुतेक लकबी ते मागून नेतात. शेजारी विरजण मागायला येतात तसे एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी ती गार पाण्यावरची फुंकर हवी होती रे." मी गार पाण्यावर फुंकर मारून मग पितो, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मी आपला खुशीत "घ्या की" म्हणालो. दिवाळीत ती फुंकर एका तस्कराच्या तोंडी छापून आली, आणि तेव्हापासून मला धड पाणी पिता येत नाही. फुंकर मारली तर नाटक केल्यासारखं वाटतं, नाही मारली तर काहीतरी राहून गेल्यासारखं. काकांनी नेलेली लकब परत मिळत नाही, हे बिल्डिंगला हळूहळू कळून चुकलं. आमचे सेक्रेटरी बोलण्याआधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे. तो चष्मा एका न्यायाधीशाला गेल्यापासून मीटिंगमध्ये त्यांचा हात कानापर्यंत जातो, तिथून लाजून परत येतो, आणि त्यांना शब्दच सापडत नाहीत. नाक्यावरची भाजीवाली आभाळाकडे बघत वजन करायची, त्यामुळे माप नेहमी भरभक्कम पडायचं. काकांनी तिचं कौतुक तिच्या तोंडावर केलं आणि घात झाला. "काका, तुमी बोललाव ना, तवापासून माजा ध्यान काट्यावरच जाते," असं ती सांगते. काकू अजून कमी भरलेल्या भेंडीचा हिशेब काकांना ऐकवतात.

अशा सगळ्या लुटीतून मागच्या वर्षी काकांची कादंबरी आली. आम्ही सगळे तिच्यात ठिकठिकाणी सापडलो. फक्त नायकाची बायको काही केल्या उभी राहिली नव्हती. ती चहा करते, दार उघडते, वाट बघते आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पुस्तक आलं त्याच आठवड्यात काकू ते घेऊन माझ्याकडे आल्या. पुस्तकाची पानं उलटत त्या म्हणाल्या, "भाजीवाली आहे रे यात, सेक्रेटरी आहे, तू आहेस. एवढ्या वर्षांत माझ्यात घेण्यासारखं यांना एकसुद्धा दिसलं नाही?" मला काकांचा भयंकर राग आला. तसाच वर गेलो आणि त्यांना फाडफाड बोललो.

काकांनी उठून आधी दार लावून घेतलं. "तिची एक लकब आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्ही दोघं बाहेर निघालो की ती कुलूप लावते आणि रिकाम्या घराला 'येते हं' म्हणून सांगते. लग्न झाल्यापासून. तिला पत्ताच नाही."

"मग लिहायचं की."

"लिहिलं तर ती वाचेल. पुढच्या वेळी कुलूप लावताना तिला ते आठवेल. तुझ्या फुंकरीचं काय झालं, बघतोयस ना? दुसरी एखादी देऊन पाहिली, पण त्या बाईला काही चिकटेना. कादंबरी पडली तर पडू दे. ती रुसली तर रुसवा मी काढीन. पण ते 'येते हं' गेलं, तर मी कोणाकडे मागायला जाऊ?"

मी काकूंना काही सांगितलं नाही. काकूंचा रुसवाही गेला नाही. काका त्यांना रोज चहा करून देत आणि त्या तो मुकाट्याने पीत. एवढ्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. काका-काकूंनी कल्याणला भाड्याने घर घेतलं. निघायच्या दिवशी टेम्पो पुढे गेला, रिकाम्या खोल्यांतून दुपारचं ऊन लांबवर पसरलं होतं. काकूंनी आत एक शेवटची चक्कर मारली, तेवढ्यात काका माझ्या कानाशी म्हणाले, "आता या घरात परत यायचं नाही. हे पाडणार. आज म्हणेल का रे ती?" इतका घाबरलेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

काका चार पायऱ्या खाली जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. काकूंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पिशवी उचलली आणि एक पायरी उतरल्या. मग त्या वळल्या, पुन्हा वर गेल्या, दारावर तळहात टेकवला आणि आत कोणी ऐकत असावं इतक्या सहज म्हणाल्या, "येते हं."

खाली काकांचे खांदे हलायला लागले. त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. काकूंनी ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "चार भिंतींसाठी रडू येतं या माणसाला, आणि बायकोची एक लकब काही सापडत नाही."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना उतरू लागलो.