सुईला हात न देणारी आत्या

आमच्या निमगावच्या आत्याचा कुणावरच विश्वास नव्हता. डेअरीत दूध घालून आली की तिथल्या मापाला नावं ठेवायची. लेकीकडं जाताना गाडी नक्की घोडेगावलाच जाते ना, हे कंडक्टरला विचारून झाल्यावर शेजारणीलाही विचारायची. टीव्हीवर बातम्या लागल्या की म्हणायची, "आपल्याला सांगायचं तेवढंच सांगत्यात."

सगळ्यात मोठा संशय सुईवर. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, न्यूमोनियानं गेले. आदल्याच दिवशी दवाखान्यात त्यांचं रक्त काढलं होतं. "चांगले बोलत व्हते. रक्त काढलं आन् गेले," एवढंच ती सांगायची. कुणी वाद घातला की उठून गोठ्यात जायची.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकायला गेले. सुट्टीत मी तिला ऐटीत समजावलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी न्यूमोनियाचे जंतू गिळतात, लढताना स्वतः मरतात, मग नव्या येतात. आत्या शेंगा फोडत ऐकत होती.

"वळखत्यात कशा?"

"जंतू अंगावर गुळगुळीत कवच चढवतो, मग पकडणं अवघड जातं. पण एकदा गाठ पडली असेल, तर रक्त पुढच्या वेळी लवकर ओळखतं."

परक्याला पारखून घेणारं कुणीतरी आपल्या अंगातही आहे, हे ऐकून ती खूश झाली. मग तिचा हात थांबला. "म्हंजी ह्यांच्या रक्तात लढनारे व्हते. आन् तेच काढून नेले."

एवढ्याशा रक्तानं काही बिघडत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. पण माझ्या शिक्षणानं तिच्या संशयाला खतपाणीच घातलं होतं.

पुढं गावी असताना मलाच न्यूमोनिया झाला. श्वास घेताना बरगडीत कळ यायची, ताप हटत नव्हता. जुन्नरच्या दवाखान्यात नर्स रक्त काढायला आली, तशी आत्या आडवी उभी राहिली. "हिचं काढायचं न्हाई." तपासल्याशिवाय नेमकं औषध कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला बोलायला दम नव्हता. आत्या घाबरली होती. एक माणूस तिनं असंच गमावलं होतं, आणि माझ्यावर तिचा फार जीव होता.

सुईकडं बघत ती बाजूला सरली. मग पदर खोचून स्टुलावर बसली आणि नर्सपुढं स्वतःचा हात केला.

"काढा हिचं. पर जेवढं काढाल तेवढं माझं हिला घाला. माझे लढनारे म्हातारे हायेत, पर कुनावर इस्वास ठेवनारे न्हाईत."