रिटर्न, रिजेक्ट आणि मोडलेलं झाकण

ग्राइंडरसमोर दोन क्रेट होते आणि दोन्हींतलं वरचं झाकण मोडलेलं होतं.

तुर्भ्याच्या आमच्या कंपनीत बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. खराब झाकणं मी ग्राइंडरमध्ये टाकते. तो त्यांचा चुरा करतो आणि चुरा वितळवून पुन्हा झाकणं बनतात. क्रेटवर इंग्रजी लेबल असतं, पण आम्ही बायका ते वाचत बसत नाही. तपासणाऱ्या बाईने वरचं एक झाकण मोडून ठेवलं, की तो क्रेट दळायचा. ही आमची पद्धत.

त्या दिवशी यातला एक क्रेट आमच्या तपासणीच्या टेबलावरून नाही, गेटकडून आला. म्हणून मी थांबले. चुकीचा माल दळला तर कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. माझ्याआधीची बाई तशीच गेली.

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण दोन्ही लेबलांची सुरुवात आर-ई अशीच. मी शेजारच्या टेबलावरच्या शबानाला बोलावलं. ती नववी शिकलेली.

"हा रिजेक्ट, हा रिटर्न," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रि म्हणजे परत. रिचार्ज, परत चार्ज. रिटर्न, परत."

"मग रिजेक्ट म्हणजे परत काय?"

शबानाने दोन्ही लेबलं पुन्हा वाचली. मग हसली. "परत डोकं नको खाऊ."

"आणि रिटर्न परत कुठे? चुरापण परत मशिनलाच जातो ना?"

"टाक गं. वरचं झाकण मोडलंय ना?"

तेही खरं होतं. मला काहीच कळेना. केबिनमध्ये जाऊन सुपरवायझर सरांना विचारायची हिंमत नव्हती. मी ग्राइंडर बंद केला आणि नुसती उभी राहिले.

त्याचा आवाज थांबला की सगळ्या फ्लोरला कळतं. सर स्वतःच आले.

"मावशी, मशिन का बंद? लाइट गेली?"

मी गेटकडून आलेल्या क्रेटकडे बोट दाखवलं. सरांनी लेबल वाचलं आणि एकदम ओरडले, "हा इथे कोणी आणला? कस्टमरने तक्रार करून परत पाठवलाय. दुपारी त्यांचा माणूस बघायला येणारे!"

"वरचं झाकण मोडलंय," मी हळूच म्हणाले.

"ते त्यांनीच मोडलं, टेस्टिंगला. त्याचं काय?"

मग शबानाने त्यांना आमची पद्धत सांगितली. सर आमच्याकडे बघतच राहिले.

"मग लेबल कशाला लावतो आपण?"

सरांनी तो क्रेट स्वतः उचलून केबिनमध्ये नेला. जाताना मला म्हणाले, "मशिन बंद करण्याआधी विचारायचं."

माझं काम टिकलं. दुसऱ्या दिवसापासून झाकण मोडायला बंदी आली. आता लेबल वाचूनच माल टाकायचा. त्यात रिवर्क आणि रिटेस्टपण आलेत, म्हणजे माझा गोंधळ वाढलाच. मी प्रत्येक क्रेटच्या वेळी सरांना विचारते. सर वैतागतात. वैतागू देत. त्यांचा वैताग संध्याकाळपर्यंत उतरतो, पण चुकून दळलेला क्रेट कोणी विसरत नाही.