डबीअक्कांचं तांबूल

समोर आलेल्या माणसाच्या पोटाची चौकशी करणारी बाई मी एकच पाहिली, आमच्या गल्लीतल्या अक्का. "जेवलात का?" हे सगळं तंजावूर विचारतं; अक्का त्याच्या पुढचं विचारायच्या, तेही राजवाड्यामागच्या गल्लीत, भर रस्त्यात. जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं, त्यात लाजायचं राहूनच गेलं असावं.

त्यांचे यजमान आतड्याच्या कॅन्सरनं गेले. दुखू लागलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकामागे अक्कांनी तपासणीचा धोशा लावला. भाचीच्या लॅबमधून इवल्या डब्या आणायच्या. डबीत शौचाचा कणभर नमुना द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं. नमुना कसा घ्यायचा, हे त्यांनी एकदा तिरुवैयारूच्या अशोका हलव्यात काडी टोचून दाखवलं. आठवडाभर त्या हलव्याला गल्लीत कुणी शिवलं नाही.

डब्याही कुणी घेईना. मग नवरात्रात त्यांच्याकडे कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला आलेल्या बायकांना तांबुलाची पिशवी दिली, तीत पानसुपारी, हळकुंड आणि डबी. तांबूल काही परत करता येत नाही. आमच्या आईनं डबी छान दिसली म्हणून तीत कुंकू भरलं आणि देवापुढे ठेवली. चार दिवसांनी अक्का आल्या, देवाला हात जोडले आणि हसत हसत खालीच बसल्या. "सरी, बरं तर, ती देवाला राहूं दे. ही रावांना," म्हणत त्यांनी पर्समधून दुसरी काढली.

राव म्हणजे माझे अप्पा, रिटायर्ड पोस्टमास्तर, सोवळ्याचे पक्के. "मला कायी होत नाहीं. हे घाण काम नकों."

"होत नाहीं तेव्हांच करायचं, राव. पोट बोलत नाहीं, मणून मी बोलत्यें. माझ्या घरीं कोणी बोललं नाहीं."

अप्पांनी डबी घेतली. दोन दिवसांनी डबी पेपरात, पेपर पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत, असं करून स्वतः लॅबमध्ये देऊन आले.

रक्त सापडलं. दुर्बिणीतून पाहिलं तर गाठ निघाली. कॅन्सरचीच, पण अगदी लहान. ऑपरेशनवर भागलं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून आनंदानं रडले.

अक्का आता चेन्नईला मुलाकडे असतात. जाताना बाहुल्या आईला देऊन गेल्या. गेल्या नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडला. बायकांच्या कामात कधी हात न घालणारे अप्पा पिशव्या भरायला बसले. निघालेल्या प्रत्येकीला दारात थांबवून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "आंत डबी आहे. कुंकू भरूं नकों, मा. मी वांचलों तो तिच्यानं."