नाकेदारांचा एकच प्रश्न

कोऱ्या कागदावर अंगठे घेणारी बाई पाहायची असेल, तर माझ्याकडे पाहा. नव्वदीच्या दशकात मी बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत होते. जंगलालगत पर्यटन कसं वाढवावं याचं धोरण ठरत होतं, आणि बैहरकडच्या गावांचं मत गोळा करायला मला धाडलं होतं. डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पर्स, अक्कल सोडून सगळं जवळ. हजेरी म्हणून कागदाच्या तळाशी अंगठे घ्यायचे आणि वरचा मजकूर कचेरीत बसून भरायचा, ही आमची रीत. मला ती भारी सोयीची वाटे.

सोबत असत नाकेदार, म्हणजे तिथले वनरक्षक; मूळचे किरनापूरकडचे. 'धोरण' शब्द कानावर पडला की ते बाजूला जाऊन चूळ भरत. हॉटेलाची जागा पाहताना साहेब लोक वाघाचं विचारत, नाकेदार एवढंच विचारत, "सांडपानी कुठी जाईन?" मी जीपमध्ये त्यांची नक्कल करून ड्रायव्हरला हसवत असे. माझ्या अहवालात 'शाश्वत' अकरा वेळा आलं, सांडपाणी एकदाही नाही.

शेवटच्या गावात बाया अंगठा देईनात. त्यांचं पिण्याचं पाणी नाल्याचं, आणि हॉटेल होणार नाल्याच्या वरच्या अंगाला. मी नाकेदारांना म्हटलं, ही नुसती हजेरी, नाल्याचं मी लिहिते. त्यांनी गावाला सांगितलं, बाई आपली हाय, लावा. कचेरीत साहेबांनी मजकूर सांगितला, 'हॉटेलास गावाची संमती', आणि मी तो वळणदार अक्षरात उतरवला. अक्षराचं कौतुकही झालं.

दोन वर्षांनी गेले, तर नाल्यावर साबणाचा फेस, त्यात उष्टा भात, कोंबडीची पिसं. काठावर हॉटेलाची हिरवी पाटी, 'निसर्ग जपा'. बाया वाळूत खड्डे करून झिरपलेलं पाणी वाटीनं भरत होत्या. फेसाची किळस आलीच. त्याहून जास्त माझ्या त्या वळणदार अक्षराची आली.

नाकेदार पोत्यात बाटल्या भरत होते. मी पुटपुटले, वर नवीन टिपण पाठवते, दुरुस्ती करून घेते. ते वाकलेलेच राहिले.

"लिवा ना, बाई. पन अंगठे त्यायनं तुमाले नाही, मले देल्ले होते. तुमी आता बालाघाटले जासान. मले रोज याच गावातून जा लागते, अन् आता कोनी पानीबी इचारत नाही."