मारुतराव साखळी लावत होते

मारुतराव गेल्याचे त्यांच्या मुलाने, बालाजीने, फोनवर कळवले. मी तेव्हा लातुरात घराच्या ओसरीवर दाढी करीत बसलो होतो. वस्तरा खाली ठेवून विचारले, "रस्त्यात?" तो म्हणाला, "न्हाई काका, घरीच. झोपीत." मला हायसे वाटले, आणि हे लिहिण्यात मला संकोच नाही. ज्या माणसाने उभा जन्म ट्रेलरवर खोदाईचे पोकलेन आणि रोलर लादून नांदेड-लातूरचे रस्ते तुडवले, तो रस्त्यावर गेला असता तर लोकांनी लगेच त्याला एखादी कथा चिकटवली असती. ती तशीही चिकटलीच.

ट्रेलरवाल्यांनी नांदेडला शोकसभा ठेवली होती. तिथे एका वक्त्याने सांगितले की मारुतरावांनी देगलूरहून लातूरपर्यंत अख्खे पोकलेन एकही साखळी न लावता आणले आणि ते बोटभरही हलले नाही. अशी त्यांची गाडीवर हुकमत. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, पण वाजल्या. मी उभा राहून म्हणालो, हे खोटे आहे. मागून कोणीतरी सदरा ओढला. "बसा की अण्णा. मेलेल्या माणसाचं चांगलंच बोलून राहिलेत लोक." मी बसलो नाही, पण माईकही माझ्या हाती आला नाही, म्हणून हा लेख. ते पोकलेन माझे होते आणि त्या फेरीत केबिनमध्ये मारुतरावांच्या शेजारी मी होतो. तिसरे कोणी नव्हते.

देगलूरजवळचे शेततळे खोदून झाले होते आणि लातूरचे पुढचे काम मशीन वेळेवर पोचण्यावर अवलंबून होते. पोकलेनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांत काळी माती लोण्यासारखी भरली होती. ती खरवडून काढल्याशिवाय मारुतरावांनी मशीन ट्रेलरवर चढवू दिले नाही; ओली काळी माती लोखंडावर साबणासारखी होते, असे त्यांचे म्हणणे. मग चारी कोपऱ्यांना साखळ्या, बकेटला वेगळी. मी म्हणालो, "मारुतराव, एवढं जड धूड. ते कुठं जातंय?" साखळी आवळता आवळता ते म्हणाले, "जड हाय म्हणूनच जातंय, अण्णा. हलकं असतं तर म्या हातानं धरलं असतं."

देगलूर अजून मागे दिसत होते, तोच त्यांनी ट्रेलर कडेला घेतला. ही त्यांची रीतच होती. पहिले हादरे बसले की पट्ट्यांत उरलीसुरली माती दबते, मशीन खाली बसते आणि तंग साखळी सैल पडते. त्या दिवशी तर मशीन वीतभर एका अंगाला सरकलेही होते; बोटभर नव्हे, वीतभर, हे त्या वक्त्याने लक्षात ठेवावे. ते पुन्हा मधोमध घ्यायचे तर सगळ्या साखळ्या सोडणे भाग होते. त्यांनी त्या सोडून रस्त्याकडेला ठेवल्या. नेमका तेव्हाच उदगीरकडचा एक टँकरवाला वेग कमी करून ओरडला, "काय मारुतमामा, बिनसाखळीचं चाललात का?"

"हाव," मारुतराव मान वर न करता म्हणाले. "शपथ घातलीय मशिनीला. लातूर येईस्तोवर हलणार न्हाई म्हणली."

टँकरवाला हसत निघून गेला. पुढच्या नाक्यावर हे सांगताना त्याने हसण्याचा भाग गाळला असावा... कथेचा उगम एवढाच. मशीन मधोमध घेऊन मारुतरावांनी सगळ्या साखळ्या पुन्हा आवळल्या, त्यात आम्हाला लातूरला उशीर झाला आणि काम दुसऱ्याकडे गेले. त्यानंतर मी मारुतरावांशी बरेच दिवस बोललो नाही. माझे त्यात चुकले असे मी म्हणणार नाही. पण मशीन शाबूत पोचले, हेही नाकारणार नाही.

खोट्या स्तुतीने मारुतरावांचे आता काही बिघडत नव्हते. बिघडणार होते ते बालाजीचे. बापाचा ट्रेलर आता तोच चालवतो. शोकसभेनंतर काही दिवसांनी फोनवर बोलता बोलता तो अभिमानाने म्हणाला, "काका, निलंग्याहून रोलर आणला. एकाच साखळीवर. बाबांसारखं." मी दुसऱ्या दिवशी नांदेडची एसटी धरली.

तिथे बालाजीच्या ट्रेलरवर पोकलेन चढले होते आणि फक्त बकेट बांधलेली होती. मी देगलूरची हकीगत होती तशी सांगितली. त्याने ऐकून घेतली, मग म्हणाला, "तुमचं काम गेलं होतं त्या टायमाला, काका. तुम्ही तर असंच सांगणार."

"काम गेलं ते साखळ्या लावल्या म्हणून गेलं. लावल्या नसत्या तर रागावलो कशाला असतो?"

"नाक्यावर लोक बाबांचं नाव ह्याच एका गोष्टीनं काढतेत," तो म्हणाला. "तीच काढून घेतली तर मग बाबांचं राहिलं काय?"

वाद घालण्यासाठीच मी ट्रेलरच्या कडेला वाकलो आणि कोपऱ्यावरची धूळ रुमालाने पुसली. तिथे लोखंडाची कड झिजून खोलगट झाली होती. दुसऱ्या कोपऱ्यावरही तसेच होते, तिसऱ्यावर, चौथ्यावरही. वर्षानुवर्षे साखळी त्याच जागेवरून ताणली गेल्याशिवाय इतके जाड लोखंड असे झिजत नाही. मी म्हणालो, "बिनसाखळीवाल्याच्या ट्रेलरला हे कुणी केलं, ते नाक्यावर विचारून ये."

बालाजी उकिडवा बसला. त्या खोलगट जागेवरून त्याने अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. उठून केबिनमागे गेला, तिथली साखळी ओढत आणली आणि त्या जागेवर ठेवली. ती तिथे बरोबर बसली.