बाराव्या शाळेचं पत्र

कुठलीही नवी वस्तू हातात आली की अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘‘हे कसं मरणार?’’ मग तो दिवा असो, बॅटरी असो, नाहीतर नुसता स्क्रू. नव्वदच्या दशकात बंगळूरला, यशवंतपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सौर दिव्यांचे संच बनवायचो. बनवणारे वीसेक जण, आणि मोडणाऱ्या एकट्या अक्का. तपासणी विभाग म्हणजे त्या, एक जुनी भट्टी आणि मिठाच्या पाण्याची बादली.

पुण्याहून नुकतीच आलेली मी त्यांना भलतीच घाबरायचे. मी जीव ओतून केलेल्या चार्जरच्या डब्याला त्यांनी गुळाचं पाणी लावलं आणि तो मुंग्यांच्या वारुळाशेजारी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा बंद. ‘‘बघ ग, स्वल्प फट राहिली की मुंगी शिरते,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘हे आफ्रिकेत, मलावीला जाणार. तिथं तुझ्या मुंग्या काढायला कोण जाईल? तुझे साहेब?’’ साहेब मागेच उभे होते. त्यांनी वाद न घालता दुसरा डबा करायला सांगितला.

मलावीतल्या बारा खेड्यांतल्या शाळांना आमचे संच जायचे होते. एका शाळेला लागूनच बाळंतपणाची खोली होती, आणि तिचा दिवा शाळेच्याच पॅनेलवर चालणार होता. हे कळल्यापासून अक्का त्या संचाच्या मागेच लागल्या. तीनदा भट्टीत घातला, तीनदा बाहेर काढला. ‘‘शाळेतला दिवा गेला तर पोरं खूश होतील,’’ त्या म्हणत. ‘‘या खोलीतला जाता कामा नये.’’

पॅनेल कसं बसवायचं याचा कागद मी लिहिला होता. त्यावर सही करण्याआधी अक्कांनी विचारलं, ‘‘दिशा आणि कोन नीट पाहिलेस ना?’’ मी घाईत होते. नकाशा मी पाहिला होता. विषुववृत्तापासून बंगळूर जेवढं दूर, जवळजवळ तेवढंच मलावी. ‘‘हो अक्का, तेरा अंश, आपल्यासारखंच,’’ मी म्हणाले. ‘‘सरी,’’ ठीक आहे अशा अर्थी मान हलवून त्यांनी सही केली. कोणाच्या शब्दावर त्यांनी सही केल्याचं त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

डिसेंबरात संच बसले आणि आभाराची पत्रं येऊ लागली. शेडमध्ये पेढे वाटले गेले. अक्कांनी पेढा घेतला, सगळी पत्रं वाचली आणि म्हणाल्या, ‘‘एकाचीही तक्रार नाही. मला हे बरं दिसत नाही.’’ आम्ही हसलो. यांना आनंद सोसत नाही, असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं.

मे महिन्यात एका शाळेने फोटो पाठवला. दुपारच्या सुट्टीत शाळेपुढे उभी असलेली मुलं, वर छपरावर आमचं पॅनेल. अक्का तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बोलावलं. ‘‘पोरांच्या सावल्या आपल्याकडे येतायत. पॅनेलही आपल्याकडेच बघतंय. मग ऊन कुठं आहे ग?’’

ऊन पॅनेलच्या पाठीमागे होतं. विषुववृत्ताच्या खाली सूर्य उत्तरेकडून तळपतो, आणि मी बंगळूरच्या सवयीने लिहून दिलं होतं, तोंड दक्षिणेकडे. डिसेंबरात सूर्य डोक्यावर होता म्हणून सगळं निभावलं. जून-जुलैत तो उत्तरेला कलणार, बॅटऱ्या अर्धपोटी राहणार आणि दिवे मधेच बंद पडणार. अक्कांनी फॅक्सचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी राजधानीतल्या कचेरीला फॅक्स गेला आणि बाराही शाळांना टपालाने पत्रं गेली. खेड्यांत फोन नव्हते. पंधरा दिवसांनी उत्तरं येऊ लागली : फिरवलं, फिरवलं. जुलै सरेपर्यंत अकरा शाळांची आली. बारावी होती ती बाळंतपणाच्या खोलीची शाळा. अक्का भट्टीजवळ बसून राहायच्या. हातात काम नसे. टपालवाल्याची सायकल वाजली की त्या उठत आणि पुन्हा बसत.

ऑगस्टमध्ये तिथल्या नर्सचं पत्र आलं. मीच ते वाचून दाखवलं. आधीच्या पावसात पूल वाहून गेल्यामुळे आमचं पत्र त्यांना फार उशिरा मिळालं होतं. त्याआधीच एका बाळंतपणात दिवा गेला. कंदील सापडून पेटेपर्यंत आईचा रक्तस्राव हाताबाहेर गेला होता; ती वाचली नाही. मुलगी सुखरूप आहे. पॅनेल आता फिरवलं आहे, उजेड छान पडतो, आपले आभार.

अक्का भिंतीकडे बघत होत्या. ‘‘त्या बाईचं नाव लिहिलंय?’’

‘‘नाही.’’

‘‘लिहून विचार. कागदावर सही माझी आहे. मला नाव ठाऊक पाहिजे.’’

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. के. आर. पुरमला त्यांच्या घरी मी अधूनमधून जायचे. कॉफीचा पेला हातात देत त्या विचारायच्या, ‘‘नाव आलं का ग?’’

‘‘नाही अक्का, अजून नाही.’’

‘‘सरी. येईल. तिकडचं टपाल हळू असतं.’’

शेवटच्या भेटीत त्यांचा आवाज पार खोल गेला होता, तरी त्यांनी तेच विचारलं, आणि मीही तेच उत्तर दिलं. दोन आठवड्यांनी त्या गेल्या. ते पत्र मी कधी लिहिलंच नव्हतं. नाव कळलं असतं तर ते जन्मभर जवळ बाळगावं लागलं असतं. ती हिंमत अक्कांकडे होती, माझ्याकडे नव्हती.