राजकुमारने दुरुस्त केलेली सोडत

आमच्या संस्थेचे सर्व्हर सांभाळणारा राजकुमार नाकासमोर चालणारा माणूस. भंडाऱ्यात अशा माणसाचं कौतुक फार होतं, वाट्याला मात्र काही येत नाही. मला त्याचा अजून राग येतो. त्याचाही आणि माझाही.

संस्था गरिबांना पक्की घरं बांधून देते. गावागणिक चाळीस अर्ज, दहा घरं. सोडत सर्व्हर काढतो. वशिल्याची ओरड नको म्हणून दर वेळी मूळ डिस्कची हुबेहूब नक्कल लोकांसमोर लावायची, इंटरनेट तोडायचं आणि मगच सर्व्हर सुरू करायचा.

कोंढा गावाची सोडत नीट पार पडली. बपेरा गावाच्या सोडतीच्या आदल्या दिवशी राजकुमारने नवी नक्कल लावून पाहिली, तर कोंढ्याला निघालेले तेच दहा अर्ज-क्रमांक, त्याच क्रमाने. त्याने मला बोलावून दाखवलं. सुरू होताना सर्व्हरचं डोकं कोरं असतं. म्हणून बंद होताना तो थोडे अंदाज न येणारे आकडे एका फाइलमध्ये शिदोरीसारखे बांधून ठेवतो आणि सुरू होताना तिथूनच सोडतीला लागतो. आम्ही दर वेळी तीच शिदोरी त्याच्या पुढ्यात ठेवत होतो. मशीनच्या घड्याळाचा सेलही कधीचा मेलेला, त्यामुळे वेगळं काही घडायला वावच नव्हता.

बपेऱ्याच्या यादीत चौथं नाव अंजूचं होतं, राजकुमारच्या धाकट्या बहिणीचं. निघालेल्या दहा आकड्यांत चार होता, म्हणजे तिचं घर पक्कं.

"राहू दे ना बे," मी म्हणालो. "कोणाले कळते?"

"मले तं कळलं ना."

त्याने जुनी फाइल पुसली, नवी तयार करून घेतली. बपेऱ्यात चार निघाला नाही. अंजूने नशिबाला बोल लावला आणि भावाला जेवू घातलं.

पावसाळ्याआधी बपेऱ्यात ती दहा घरं उभी राहिली. ऑगस्टच्या झडीत अंजूच्या जुन्या घराची मातीची भिंत बसली. खाली तिची सहा वर्षांची मेघा झोपलेली होती. पोर वाचली नाही.

आठवडाभराने राजकुमार बहिणीसमोर बसला आणि फाइलपासून सगळं सांगून मोकळा झाला. मी नको म्हटलं होतं, पण लपवाछपवी त्याला पचत नाही. अंजूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "एक दिवस ते बिघडलेलंच राहू देता नाही आलं का तुले, दादा?"